दोनकाचा धागा

पान्हा हे नव्या आईचे स्वतःचे धन असते. परंतु तो वाहता राहावा, ही जबाबदारी साऱ्या घराची आणि शेजाराचीही असते. हे भान जिथे सुटते, तिथे दोष आईच्या पदरी पडतो.

रोदोपी डोंगरातल्या त्या बल्गेरियन गावात स्तामेनाबाईंना नातू झाला, तेव्हा रीतीप्रमाणे शेजारणी बाळंतिणीच्या घरी गोड रोट मोडायला जमल्या. निघताना प्रत्येकीने आपल्या वस्त्राचा एक धागा पाळण्यावर ठेवला; न ठेवणारी बाई आईचे दूध आपल्यासोबत नेते, अशी तिथली श्रद्धा. बांधापलीकडची दोनका मात्र धागा न ठेवताच गेली. बांधावरच्या अक्रोडावरून तिचा आणि स्तामेनाबाईंचा जुना अबोला होता. ती आली हेच नवल.

दुसऱ्या दिवशी सून नेदाची छाती दगडासारखी टणक झाली. बाळ कामेन तोंड लावी, निसटे आणि रडे. संध्याकाळी परिचारिका वजन करायला येणार होती. वजन आणखी उतरले तर वरचे दूध सुरू करू, असे ती सांगून गेली होती.

"दोनकानंच नेलं दूध!" स्तामेनाबाई कडाडल्या. "जाते आणि तिचा धागा ओढून आणते."

"दूध कुठं गेलंय, आई? उलट इतकं साठलंय की बाळाला तोंडात छातीच धरवत नाही," नेदा डोळे पुसत म्हणाली. "धागा नको, दोनकाकाकूंनाच आणा. त्यांनी जुळी वाढवलीत अंगावर."

स्तामेनाबाई उठल्या. मग डोईचा रुमाल घट्ट बांधून बांध ओलांडून गेल्या.

"काय गं, धागा हवाय? अंगावरचा स्वेटरच उसवून देऊ?" दोनकाने दारातच टोमणा मारला.

"स्वेटर राहू दे तुझा. तू चल. माझी सून बोलावतेय."

दोनका आली. तिने गरम पाण्यात पिळलेले फडके छातीवर ठेवायला सांगितले, मग हाताने थोडे दूध काढवून टणकपणा सैल केला. "आता वाकू नकोस, पोरी. बाळाला तुझ्याकडे आण. पोटाला पोट. तोंड मोठं उघडू दे... हं, आता!"

कामेनने घट्ट धरले. खोलीत फक्त घोट गिळण्याचा आवाज उरला.

"आजोबांसारखाच अधाशी," दोनका पुटपुटली, आणि आपल्या शालीचा धागा उपसून तिने पाळण्यावर ठेवला. "घे. नाहीतर तुझी सासू मला सुखानं मरूही देणार नाही."

संध्याकाळी काटा किंचित वर सरकला. वरच्या दुधाची गरज नाही, असे परिचारिका म्हणाली, तेव्हा स्तामेनाबाईंनी मान ताठ केली. "माझ्या सुनेची करामत आहे. काय हवंय, ते तिला नेमकं ठाऊक होतं." मग बांधाकडे पाहून हलकेच पुढे म्हणाल्या, "आणि आमच्या शेजारणीची."

नेदाचा पान्हा अखंड राहो, कामेन तृप्त निजो, आणि त्या अक्रोडाची सावली दोन्ही अंगणांना मिळो.