गोड्या पाण्याचा रेडिएटर

बंदरावर उतरलेलं खोकं हातगाडीवर घालून तामुएरा घरी निघाला, तेव्हा वाटेत निदान पंधरा जणांनी विचारलं, "काय आहे रे त्यात?" आणि पंधराही जणांना त्याने खरं ते सांगून टाकलं. तारावा बेटावर रस्ता एकच. त्या रस्त्यावर सांगितलेली गोष्ट दुपारच्या आत दुसऱ्या टोकाला पोचते. शहाणा माणूस म्हणाला असता, जुने कपडे आहेत. अर्थात, जुने कपडे म्हटलं असतं तर तेही मागायला दोघे-चौघे आलेच असते.

खोक्यात रेडिएटर होता, कोराकरकरीत, आणि सोबत इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटचे चार डबे. वरचा पत्ता लेकीच्या अक्षरात होता. तेबोरा दोन वर्षांपासून ऑस्ट्रेलियात होती, क्वीन्सलंडच्या एका मळ्यावर टोमॅटो खुडायला. नाताळला ती घरी येणार होती. विमानाच्या तिकिटाचे पैसे साठले तेव्हा तिने फोन केला आणि म्हणाली, "बाबा, मी आले तर महिनाभर राहीन आणि परत जाईन. त्यापेक्षा रेडिएटर पाठवते. गाडी चालू झाली की मी कायमची येते. तुम्ही चालवा, मी तिकिटं फाडते." म्हणून नाताळला लेक आली नाही. मार्चअखेर हे खोकं आलं.

गाडी म्हणजे जपानातून जुनी होऊन आलेली चौदा माणसांची मिनीबस. ती दीड वर्ष तापत होती आणि गावातला प्रत्येक माणूस तिचा डॉक्टर झाला होता. म्हातारे पंच नाकिबाए यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती, पण थर्मोस्टॅट काढून फेकायला त्यांनीच सांगितलं. फेकला, तरी गाडी तापलीच. आतेभाऊ बाउरो म्हणाला फॅनबेल्ट. तो बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, तापमानाचा काटा आपला लाल पट्टीत. शेवटी तामुएराने सगळ्यांना गप्प बसवलं आणि स्वतः शोध घेतला. ऑइल बघितलं, त्यात पाणी नव्हतं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे आले नाहीत. म्हणजे इंजिनाचं हेड शाबूत. मग गरम रेडिएटरवर वरून खालपर्यंत हात फिरवला. वर पोळत होतं आणि खालचा अर्धा भाग गार. खालच्या नळ्या चोंदल्या होत्या. करवतीने कापून बघितलं तर आत मिठाचे पांढरे खडे, खडकाला शिंपले चिकटतात तसे.

चूक त्याचीच होती, आणि ती अख्ख्या बेटाची होती. पावसाचं पाणी माणसांनी प्यायचं, इंजिनाला विहिरीचं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गोडं पाणी थेंबाथेंबाने जपलं जातं. ते इंजिनात ओतायचं म्हटलं तर माणसाला अन्न पायदळी तुडवल्यासारखं वाटतं. विहिरीचं पाणी मचूळ, पावसाने दडी मारली की खारटच. माणूस ते पिऊन आजारी पडतो, पण रेडिएटर सहन करील अशी सगळ्यांची खात्री.

या खेपेला तामुएराने बायकोला, रोसियाला, आधी विचारलं. घरच्या टाकीत गुडघाभर पाणी उरलं होतं. रोसिया टाकीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "घे दहा लिटर. मी आठवडाभर केस धुणार नाही. लेक यायची असेल तर केसांचं काय एवढं!"

त्याने रेडिएटर बसवायला पूर्ण दिवस घेतला. पुढची सीट उचलली, खालचा नळ सोडला, होज पाइप बदलले, नवा थर्मोस्टॅट घातला, इंजिनातला गाळ निघून पाणी नितळ येईपर्यंत धुतलं. मग कूलंट आणि पावसाचं पाणी, हळूहळू, मध्ये थांबत, हीटर चालू ठेवून, आतली हवा पुरती निघेपर्यंत. दुसऱ्या दिवशी चौदाच्या जागी बावीस माणसं घेऊन तो बेटाच्या टोकाला बेसिओपर्यंत गेला आणि परत आला. काटा निम्म्यावर गेला आणि तिथेच राहिला. घरी येऊन त्याने तेबोराला फोन लावला, आणि तिकडून ती अशी ओरडली की रोसियाला अंगणात ऐकू आलं. "ऑगस्टचं तिकीट काढते, बाबा! आईला सांगा, माझ्यासाठी मासळी वाळवून ठेव!"

बस नऊ दिवस चालली.

दहाव्या दिवशी सकाळी बाउरो आला, आणि एकटा आला नाही. सोबत नाकिबाए आणि आणखी दोन पंच, धुतलेले लुंगी-शर्ट घालून. तामुएराने त्यांना ओट्याएवढ्या उंच माच्यावर बसवलं, रोसियाने चहा ठेवला. कपडे बघूनच तिच्या लक्षात आलं असावं. चहात तिने साखर घातली नाही.

"तामुएरा," नाकिबाए म्हणाले, "आम्ही बुबुसी घेऊन आलोय."

बुबुसी म्हणजे मागणं, पण साधं मागणं नव्हे. नातं पुढे करून, चारचौघांत, तोंडाने उच्चारलेलं मागणं. त्याला नाही म्हणत नाहीत. म्हणणारा माणूस अजून कुणी पाहिलेला नाही, आणि ज्यांच्याबद्दल ऐकलंय त्यांच्या नातवंडांनासुद्धा लोक अजून टोमणे मारतात.

"पाण्याचा ट्रक बंद पडलाय," बाउरो म्हणाला. तो ट्रक तोच चालवायचा. पाऊस नसला की मोठ्या टाकीवरून गोडं पाणी भरून गल्लीगल्लीत वाटायचा. "रेडिएटर फुटला. नवीन यायला चार महिने म्हणतात. इंजिन तुझ्या बसच्याच जातीचं आहे, दादा. थोडं ठोकून बसवलं तर बसेल तुझा."

"चार महिनेच ना? मग परत देतो," दुसरे पंच म्हणाले.

"पोरं बादलीभर पाण्यावर दिवस काढतायत," नाकिबाए म्हणाले. "माझी सून तीन मैल चालते. बसवाचून लोक मरत नाहीत रे, बाबा. चालतात."

मागणाऱ्याने दारू मागितली असती, रेडिओ मागितला असता तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. मागत होते गावासाठी पाणी. तामुएराने रोसियाकडे पाहिलं. ती कपबशा पुसत होती, पुसलेल्याच पुन्हा पुसत होती. नाही हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता, खरंच आला होता. लेकीने पाठवलाय, तिचं घरी येणं त्यावर अवलंबून आहे, एवढं एक वाक्य. पण समोर चार माणसं मान खाली घालून बसलेली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

"घेऊन जा," तो म्हणाला.

"देव तुझं भलं करो," नाकिबाए म्हणाले, आणि बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला.

ते गेल्यावर रोसिया म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते," ती म्हणाली. "पण विचारायचं तरी होतंस."

रेडिएटर त्याने स्वतःच काढला आणि स्वतःच ट्रकला बसवला, कारण बाउरोच्या हातात दिला असता तर त्याने पहिल्याच दिवशी वाट लावली असती. धरणाऱ्या पट्ट्या जुळत नव्हत्या, त्या वाकवल्या, लाकडाच्या पाचरी ठोकल्या. बसमधलं कूलंट आणि पाणी बादलीत धरून ठेवलं होतं, तेच ट्रकला घातलं. वरचा होज पाइप जुना आणि कडक झालेला होता, त्याची क्लिप घट्ट बसेना.

"इथून थेंब थेंब गळेल," तो बाउरोला म्हणाला. "नवा पाइप मागव. तोवर रोज सकाळी गार असताना बघायचं आणि भर घालायची. पण विहिरीचं पाणी नाही, बाउरो. ऐकतोयस ना? ट्रकवर चार हजार लिटर गोडं पाणी असतं. त्यातलंच एक तांब्याभर घाल."

"घालतो ना, दादा."

"शपथ घे."

"अरे, घालतो म्हटलं ना! तू पण काय!"

पाण्याचा ट्रक सुरू झाला, गावाला पाणी मिळालं, रविवारी सभेच्या मोठ्या छपराखाली नाकिबाएंनी सगळ्यांसमोर तामुएराचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तामुएरा हसला. बस अंगणातल्या, फणसासारख्या फळांच्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

त्याच रविवारी तेबोराचा फोन आला. "बाबा, काटा कुठे असतो?"

"निम्म्यावर," तामुएरा म्हणाला.

पुढच्या रविवारीही निम्म्यावर, त्याच्या पुढच्याही. चार महिन्यांत परत येईलच की, मग खोटं आपोआप खरं होईल, असा त्याचा हिशेब. रोसिया फोन घ्यायची तेव्हा हवेबद्दल बोलायची.

ट्रक आठ आठवडे चालला. नवव्या आठवड्यात भर रस्त्यात त्याच्या तोंडातून वाफेचा लोट निघाला आणि आतून ठण्‌ठण् आवाज येऊन तो जागच्या जागी थांबला. तामुएरा सायकल हाणत पोचला. झाकण उघडायला हात लावला आणि बोटांवर पांढरी पूड आली. ती त्याने जिभेला लावली.

"खारट आहे," तो म्हणाला.

बाउरो चाकाला टेकून उभा होता. "मी सुरुवातीला गोडंच घातलं, दादा. आईची शपथ. पण गळायचं रे खूप, दिवसाला अर्धी बादली. लोक भांडी घेऊन रांगेत उभे, म्हातारी माणसं, आणि त्यांच्यासमोर मी त्यांचं पाणी इंजिनात ओतायचं? एका बाईने माझा हात धरला. म्हणाली, हे माझ्या लेकराचं आहे. तू असतास तर ओतलं असतंस?"

चार हजार लिटर गोडं पाणी पाठीवर, आणि इंजिन मिठाने मेलं. रेडिएटरचे पत्रे चाळणीसारखे झाले होते, इंजिनाचं हेडही तडकलं होतं. तामुएराला संताप आला तो बाउरोचा नाही, त्या बाईचाही नाही. तो कुणाचा करायचा हेच कळत नव्हतं, आणि म्हणून तो जास्तच जाळत होता.

तीन दिवसांनी बाउरो रेडिएटर परत घेऊन आला. मूळच्या खोक्यात घालून, तेबोराच्या अक्षरावर दोरी बांधून. सोबत भाजलेली मासळी. "परत देतो म्हटलं होतं, दिला," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की दिला.

आता ऑगस्ट सहा आठवड्यांवर होता. रविवारी चर्चमधून आल्यावर तामुएराने स्वतःच तेबोराला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"म्हणजे निम्म्यावर निम्म्यावर म्हणत होतात ते?"

"खोटं होतं."

"गावाला पाणी तरी मिळालं का?"

"आठ आठवडे मिळालं, पोरी."

"आणि आता?"

"आता लोक पुन्हा चालतायत."

तिने उसासा टाकला. मागे कुणीतरी इंग्रजीत हसत होतं. मग तामुएराने आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. पोटच्या पोरीपुढे बुबुसी मांडली. रीतसर, नात्याचं नाव घेऊन. "तेबोरा, मी तुझा बाप. मी बुबुसी करतोय. आणखी एक रेडिएटर पाठव. या वेळी कुणाला देणार नाही."

"द्याल," ती म्हणाली.

"नाही देणार."

"बाबा, द्याल तुम्ही. कुणी दारात येऊन मान खाली घातली की द्याल. तुम्ही त्यांना हो म्हणालात ना, तेव्हा मला नाही म्हणालात. मला विचारलंसुद्धा नाहीत."

"मग काय म्हणतेस?"

"नाही म्हणते."

तामुएराला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"नाही, बाबा. नाही पाठवत." तिचा आवाज फुटला, पण तिने तो सावरला. "आणि तिकीट रद्द करते. पुढच्या हंगामाची सही घेतायत इथे, ती करते. आले तर मलाही मागून नेतील कुणीतरी." आणि फोन बंद झाला.

पोरीचा राग यावा असं तामुएराला फार वाटलं. बापाला नाही म्हणाली, जगावेगळी निघाली, कुणाला सांगायची सोय नाही. पण राग येईना. आला तो हेवा. दोन वर्षं टोमॅटो खुडून पोरगी जे शिकली, ते त्याला साठ वर्षांत जमलं नव्हतं.

रोसिया दारात आली. "काय म्हणाली?"

"येत नाही."

रोसिया रडली नाही. दोरीवर वाळत घातलेली मासळी तिने एकेक करून काढली, टोपलीत भरली आणि आत नेली.

तेवढ्यात अंगणात सायकल टेकवून बाउरो आला. टोपी काढून हातात धरलेली, नजर खाली. तामुएराने ते उभं राहणं ओळखलं.

"दादा," बाउरो म्हणाला, "बुबुसी आहे. चर्चच्या जनरेटरला बॅटरी नाही, आणि संध्याकाळी पोरांचं गाणं आहे. तुझी बस तशी उभीच आहे..."

आत टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. रोसिया ऐकत होती. तामुएराने तोंड उघडलं. लेकीच्या तोंडून आत्ताच ऐकलेला शब्द, दोनच अक्षरं, त्याने जिभेवर घेतला. बाउरो मान खाली घालून उभाच होता.

तामुएरा उठला आणि बॅटरी सोडवायचा दहा नंबरचा पाना शोधायला गेला.