लिफाफ्यातली गार्ड

बंद पाकिटातून भविष्य सांगणाऱ्या लिफाफेबाबांच्या चेल्याने पाकीट डोक्यावर धरून चारी बाजूंना फिरवलं, तेव्हा नांदुऱ्याच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारे कुंपणाच्या भिंतीवर बसले होते, पोरं बास्केटबॉलच्या खांबाला लटकली होती. पाकिटावर तिकीट होतं, तिकिटावर पोस्टाचा गोल शिक्का, आणि शिक्क्यात तीन वर्षांपूर्वीची तारीख. पुढच्या रांगेतल्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. मग चेल्याने पाकीट फाडलं आणि आतली चिठ्ठी माइकवर वाचली.

"नांदुऱ्याची समता जानराव तायडे ही कन्या गार्ड होईल. हाती हिरवा झेंडा घेईल. शेवटच्या डब्यातून साऱ्यांवर नजर ठेवील आणि हजारोंना सुखरूप पुढे नेईल."

मैदान दणाणलं. कारण समता खरोखरच गार्ड झाली होती. बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणजे चेंडू मागून घेऊन येणारी, कोण कुठे उभं आहे ते पाहून खेळ चालवणारी. वय एकोणीस, नागपूरच्या संघातून पहिलाच मोसम. तिसऱ्या सामन्यात दोन सेकंद उरले असताना तिने अर्ध्या मैदानातून टाकलेला चेंडू जाळीत पडला आणि त्याचा व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. तेव्हापासून नांदुऱ्याला खूळ लागलं होतं. बसस्टँडवर तिचा फलक लागला, तिच्या चौदा नंबरचे शर्ट बाजारात आले, आणि ज्या कडूबाने जन्मात चेंडू हातात धरला नव्हता तो आपल्या चहाच्या टपरीवर तीन पॉइंटचं शास्त्र गिऱ्हाइकांना शिकवू लागला. चिठ्ठीचा अर्थही त्यानेच लावला. हिरवा झेंडा म्हणजे समताच्या संघाचा हिरवा शर्ट. आणि शेवटचा डबा? गार्ड मागूनच खेळते ना. लोकांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काही लागत नाही.

समता दुसऱ्या दिवशी सुटीवर घरी आली. स्टेशनवर हारतुरे झाले, ताशा वाजला, तिने हसून सगळ्यांना फोटो काढू दिले. तिला ते आवडलं, खोटं कशाला बोलायचं. पण घराच्या गल्लीत शिरताच तिला करिष्मा दिसली आणि हसू मावळलं.

करिष्मा शेजारच्या मनकर्णाबाईची पोर. बारा वर्षांची. समतासारखं खेळायचं म्हणून पहाटे मैदानावर येणाऱ्या मुलींत सगळ्यात आधी पोचणारी. दोन दिवसांपूर्वी ती मैदानावर पडली होती. उजवं मनगट वांग्यासारखं सुजलं होतं आणि त्यावर लाल दोऱ्याने एक बंद पाकीट बांधलेलं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून हाड मोडल्याचं सांगितलं होतं. आठ-दहा दिवसांत नीट बसवून प्लॅस्टर घातलं नाही तर ते वाकडं जुळेल, मग हा हात चेंडू टाकण्याजोगा राहणार नाही, असंही बजावलं होतं. पण मधे रविवार आला आणि लिफाफेबाबा आले. एकवीस दिवस लिफाफा सोडायचा नाही, उघडायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता.

समताने मनकर्णाबाईची विनवणी केली. मग ती चिडली, भांडली. मनकर्णाबाई शांतच होती. तिने पदराने करिष्माचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आतमंदी लिहून हाय का पोरगी दुसरी गार्ड होईन. तुहं नाही का तीन वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं? मंग हिचं काऊन खोटं होईन व?"

आपल्याच नावाने या पोरीचा हात मोडून ठेवला जातोय, एवढंच समताला कळलं, आणि त्या रागाने तिला जेवण गेलं नाही.

बाबांच्या चिठ्ठीच्या झेरॉक्स गावभर वाटल्या होत्या. एक घरातही आली होती. समताचे वडील जानराव रेल्वेत ट्रॅकमन, बावीस वर्षं रूळ तपासणारे. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि परत दिली.

"हे तर गाडीच्या गार्डचं काम होय," ते म्हणाले. "झेंडा, शेवटचा डबा. तुह्या खेळात डबा कुठून आला व?"

समता आधी हसली. मग हसता हसता थांबली.

तीन महिन्यांपूर्वी तिची निवड झाली, तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या होत्या: नांदुऱ्याच्या समता तायडे यांची गार्डपदी निवड. नांदुरा पडलं रेल्वेचं गाव. ट्रॅकमनची पोरगी गार्ड झाली म्हणजे कुठे झाली, हे विचारायची गरज कुणाला वाटणार? दोन दिवस लोक जानरावांना पेढे भरवत होते. एकाने तर पुण्याच्या गाडीचं रिझर्वेशन मागितलं. तिसऱ्या दिवशी खुलासा झाला आणि गाव स्वतःवरच हसलं. ही चूक नांदुऱ्याची होती आणि फक्त दोन दिवसांची होती. तीन वर्षांपूर्वी त्रिकाळ पाहणाऱ्या बाबांनी नेमकी तीच चूक कशी केली? बाबांच्या मठात पेपर पोचला होता, खुलासा पोचला नव्हता. बाबांनी तेव्हाच चिठ्ठी लिहून डिंक लावून टाकला होता. पुढे पोरगी गाजली आणि गार्ड हा शब्द जुळतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं, भागलं.

उरला तो शिक्का. पोस्टाचा शिक्का खरा होता. समता मंगळवारी पोस्टात गेली, एक पाकीट घेतलं, त्यावर स्वतःचाच पत्ता घातला आणि पेटीत टाकलं. गुरुवारी पोस्टमनने ते घरी आणून दिलं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि पुस्तकात दाबून ठेवलं.

रविवारी बाबांची दुसरी सभा होती. समताचा सत्कार बाबांच्या हस्ते, असे फलक लागले होते. कडूबाने आदल्या संध्याकाळी तिला बाजूला घेतलं. बाबांच्या विरोधात बोलू नको, ज्या लोकांनी फलक लावला तेच उतरवतील, असं त्याने कळवळून सांगितलं. समता म्हणाली, "उतरवू द्या, काका. फलक लागायच्या आधी बी मी खेळतच होती."

बाबांनी सभेत नेहमीचा सूर लावला. मुलगी मेहनत करते, पण मेहनतीला दिशा कोण देतं? हात मुलीचा, नेम कुणाचा? चेंडू जाळीत पडतो की पाडला जातो? असे प्रश्न विचारायचे, डोळे मिटायचे आणि टाळ्यांची वाट पाहायची. टाळ्या येत होत्या. शाल अंगावर पडल्यावर समताच्या हाती माइक आला.

तिने आपलं पाकीट काढलं. शिक्क्यावरची मंगळवारची तारीख पुढच्या पाच जणांकडून मोठ्याने वाचून घेतली. मग कडूबाला स्टेजवर बोलावून पाकीट फाडायला आणि चिठ्ठी वाचायला सांगितलं. कडूबाने घसा खाकरून सुरुवात केली.

"शनिवारी सांजीले कडूबाकाकांच्या टपरीवर दुधाचा गंज लवंडला. काका मांजरीले शिव्या देत होते, पण धक्का त्यायच्याच कोपराचा होता."

कडूबाचा आवाज शेवटी शेवटी बसत गेला. तो गंज, दुधाचं मोठं पातेलं, कालच लवंडला होता. अर्ध्या गावाने मांजरीच्या नावाने चाललेल्या शिव्या ऐकल्या होत्या. मंगळवारच्या पाकिटात शनिवारची गोष्ट. पुढच्या रांगेत मनकर्णाबाईने चक्क समतासमोर हात जोडले.

कुणाला देव करायला इतका कमी वेळ लागतो.

"हात खाली घ्या, काकू," समता म्हणाली. "मले काही दिसत नाही. मंगळवारी मी हे पाकीट रिकामं टाकलं होतं. डिंक लावलाच नव्हता, झाकण नुसतं आत खोचलं होतं. शिक्का बसून घरी आलं. काल गंज लवंडला, मंग चिठ्ठी लिहिली, आत टाकली, अन् डिंक लावला. शिक्का पाकिटावर बसते. आतल्या कागदावर नाही बसत."

बाबांनी पाखंड, कलियुग असं काही सुरू केलं. समताने त्यांच्याकडे वळून विचारलं की गार्डचा हिरवा झेंडा आणि शेवटचा डबा कोणत्या सामन्यात पाहिला, तेवढं सांगा. मागून जानरावांच्या ट्रॅकमन मित्राने तोंडाने गार्डची शिट्टी वाजवली. त्या दोन दिवसांचे पेढे गावाला आठवले. आधी भिंतीवरचे म्हातारे हसले, मग सगळं मैदान. चेल्याने गाडी स्टेजमागे आणली. पण तिच्या वाटेत जानरावांनी आधीच बोलावून ठेवलेले दोन पोलीस उभे होते. उपचार सोडायला लावणाऱ्या भोंदूसाठी राज्यात कायदा आहे, तो वाचायला बाबांना आता वेळ मिळणार होता.

समताचं लक्ष मात्र तिकडे नव्हतं. ती स्टेजवरून उतरून मनकर्णाबाईसमोर उकिडवी बसली. पाकिटाला तिने हात लावला नाही. म्हणाली, "तुम्हीच उघडा."

मनकर्णाबाईने लेकीचं मनगट मांडीवर घेतलं. मग दाताने दोरा तोडला आणि पाकीट फाडलं. आत चौकोनी घडी होती. ती उलगडली. मागून पुढून पाहिली. कागद कोरा होता.

"काहीच नाही लिहिलं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. रागाने रडत होती ती. सात दिवस लेक कण्हत होती आणि तिने तिला सोसायला लावलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी हाड बसवलं. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही, असं म्हणाल्या. प्लॅस्टर वाळल्यावर करिष्माने समतापुढे पेन धरलं आणि त्यावर लिहून मागितलं की मी गार्ड होईन.

समताने पेन घेतलं. असलं लिहून देणारे पुष्कळ भेटतील, आणि शिक्के मारूनही देतील, असं तिने त्या पोरीला सांगितलं. लिहिणाऱ्याला विचारायचं, तुला कसं कळलं? उत्तर पटलं नाही तर पाकीट फाडून पाहायचं. घाबरायचं नाही.

मग तिने प्लॅस्टरवर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली प्लॅस्टर काढायची तारीख लिहिली, दीड महिन्यानंतरची. आणि खाली: दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच, मैदानावर.