कोठीतला आवाज

"बोलत राहा, लारिसा. गप्प बसलीस तर मी दोर ओढीन," बाहेरून आईचा आवाज आला.

लारिसा पत्र्याच्या उंच, गोल कोठीत आतल्या शिडीवर उभी होती. कमरेला दोर होता. तो वरच्या झडपेतून बाहेर जाऊन, खांबाला एक वेढा घेऊन आईच्या हातात गेला होता. पायाखाली गव्हावर घट्ट पोपडा धरला होता. सकाळी आईने उपसायचं यंत्र लावलं, अर्धी गाडी भरली आणि गहू यायचा एकाएकी थांबला. म्हणजे पोपड्याखाली पोकळी झाली होती. ती केवढी आहे ते वरून कळत नाही, पाय ठेवल्यावर कळतं. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या सपाट माळावर असं कळलेली दोन माणसं लारिसाच्या ओळखीची होती आणि दोघंही चर्चमागे पुरलेली होती.

यंत्र आता बंद होतं. तरीही तिला भीती वाटत होती, आणि ती लपवायला आत कुणी बघणारंही नव्हतं.

तिचे वडील ओरेस्ट मार्चमध्ये गेले. जेवता जेवता, बिटाचं सूप पुढ्यात असताना. थंडीभर ते अधूनमधून हा गहू हलवायचे. ते गेल्यावर कुणाच्या ध्यानात राहिलं नाही आणि ओलाव्याने तापून गव्हाला आंबूस वास यायला लागला. शेजारीपाजारी पेरणीत गुंतलेले. लारिसा शहरात नर्स होती. ती चार दिवसांची सुट्टी काढून आली तेव्हा तिची अडुसष्ट वर्षांची आई, नेटी, स्वतःच्या कमरेला दोर बांधून शिडीशी उभी होती.

"तू कुठं निघालीस?"

"गहू मोकळा करायला. आणखी कोण करणार?"

लारिसाने तो दोर सोडवून आपल्या कमरेला बांधला. तेवढं धाडस तिच्यात होतं. आत आल्यावर ते संपलं.

कोठीत उतरणाऱ्याने अखंड बोलायचं, हा ओरेस्टचा नियम होता. बाहेरच्याला आवाज ऐकू येतोय तोवर आतला माणूस शाबूत आहे. पण नुसतं बोलणं त्या माणसाला कुठलं जमायला? ते आत शिरले की विनोद सुरू. पाद्री, सासू, रेडिओवर हवामान सांगणारा, कुणी म्हणून सुटायचं नाही. छोटी लारिसा बाहेर गवतात हसून हसून लोळायची. आई मात्र दोर धरून मख्खपणे उभी असायची. आईला विनोदाचं वावडं आहे, असं लारिसाला तेव्हापासून वाटत आलं होतं. एवढ्या हसऱ्या माणसाच्या गळ्यात हे काय पडलं, असंही मनात येऊन गेलं होतं.

"लारिसा!"

"आहे, आहे. मला काही सुचत नाहीये, आई. त्यांचा एकही विनोद आठवत नाहीये."

"मग त्याच्याबद्दल सांग. कायपण सांग. आवाज येऊ दे."

लारिसाने पहार उचलून पोपड्यावर मारली. नुसता ठक्क आवाज झाला.

"गारा पडल्या होत्या ना एकदा," ती ओरडली, "सगळं पीक झोपलं होतं. तू स्वयंपाकघरात रडत होतीस. बाबा बादलीभर गारा घेऊन आले आणि सरबतात घातल्या. म्हणाले, देव एवढं घेऊन गेलाय, तर बर्फ तरी फुकट सोडायचा नाही."

"पुढं?"

"मी गाडी शिकताना तळ्यात घातली. ते बूट काढून गुडघाभर पाण्यातून आले, काच वाजवली आणि विचारलं, बाई, गावापर्यंत सोडता का?"

पहार पुरत नव्हती. पोपडा मधोमध फोडायला हवा होता. शिडी सोडल्याशिवाय तिथे पोचता येणार नव्हतं. लारिसाने एक पाय खाली टेकवला. पोपडा दगडासारखा घट्ट लागला. तिने दुसरा पाय टेकवला.

"आणि लग्नाआधी तुला भेटायला यायचे ना, जानेवारीत. दोन्ही खिशांत गरम उकडलेले बटाटे घालून. येताना हात शेकायचे, आणि जाताना—"

पाय गेला. आधी एक, मग सगळीच ती. पोपडा फुटून ढेकळांसकट खाली बसला आणि गहू तिच्या मांड्यांवर, कमरेवर, छातीवर चढत गेला. नाकातोंडात धूळ भरली. ओरडायचं होतं, पण ओरडायला लागणारी हवा छातीत मावत नव्हती. इतक्या शांतपणे माणूस मरतो, हे तिला त्या क्षणी कळलं आणि ती लहान मुलीसारखी घाबरली.

मग कमरेला दोर करकचून बसला. गहू जिथे होता तिथे थांबला, लारिसाही थांबली. दोर वर ओढला जात राहिला आणि हाताला शिडीची पायरी लागली. वर येताना ती रडत होती, आणि झडपेतून उजेडात आली तेव्हा कुठे तिच्या तोंडातून शब्द फुटला.

"आई."

ती खाली उतरल्यावर दोघी बादल्या पालथ्या घालून बसल्या. पोपडा फुटला होता, गहू आता वाहिला असता. पण यंत्र सुरू करायला दोघीही उठल्या नाहीत. आईच्या तळहातांची सालटी निघाली होती, तरी लारिसाच्या कमरेचा दोर अजून तिच्या हातातच होता.

"जाताना ते बटाटे खायचे," लारिसा म्हणाली. "एवढंच राहिलं होतं सांगायचं."

"कोण?"

"बाबा. मी सांगत होते ना."

"मी नाही ऐकलं," आई म्हणाली. "त्याचे विनोदसुद्धा कधी नाही ऐकले. शब्दांकडं कुणाचं लक्ष? आवाज चालू आहे ना, एवढंच बघायचे मी. एकदा कुठल्याशा विनोदात तो मुद्दाम थांबला, मी हसावं म्हणून. मी असा दोर ओढला की त्याची बरगडी मोडली. त्यानंतर आत कधी थांबला नाही." तिने नाक पुसलं. "लोक म्हणायचे, नेटी, काय विनोदी नवरा मिळालाय तुला. मी हो म्हणायचे. त्याचा एखादा विनोद येतो का गं तुला?"

लारिसाला आता एक आठवला.

"बिशप आले होते गावात. वाऱ्याने त्यांची टोपी उडाली ती थेट आपल्या डुकरांच्या खोपटात. बाबा ती परत द्यायला गेले. बिशप म्हणाले, ही माझीच कशावरून? तर बाबा म्हणाले—"

इथे थांबायचं असतं. लारिसा थांबली, आणि आईची मूठ दोरावर आवळली गेली.

"तिच्यापुढे सगळी डुकरं गुडघे टेकून बसली होती," लारिसाने घाईघाईने सांगून टाकलं.

आई हसली. मूठ मात्र तशीच होती.