टकल्याची अपॉइंटमेंट

जूनअखेरीस सलूनं उघडायला परवानगी मिळाली, पण ती अशी की हसावं की रडावं कळेना. केस कापा, दाढी करू नका. तीन खुर्च्या असतील तर मधली रिकामी ठेवा. फोन करून वेळ ठरवलेल्या गिऱ्हाइकालाच आत घ्या, नाव आणि काम वहीत लिहा. बाकडं बाहेर काढा. नियम मोडला तर दुकान सात दिवस सील.

यात माझंच मरण होतं. मी दत्तोपंत, तिसगावचा निवृत्त शिक्षक. केस म्हणाल तर कानांमागे चार, तेही नावापुरते. तरी पंधरा वर्षं मी वैजनाथच्या दुकानातल्या त्या बाकड्यावर रोज दहा ते बारा बसत आलो होतो. पेपर वाचायचा आणि सरपंचापासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांची बिनपाण्याने करायची. लॉकडाउनमध्ये तेही गेलं. बायको वारल्यापासून घरात मी आणि टीव्ही, आणि टीव्ही माझं काही ऐकून घेत नाही.

दुकान उघडल्याच्या दिवशीच फोन लावला.

"वैजनाथ, अपॉइंटमेंट पाहिजे. केस कापायचेत."

तो म्हणाला, "कुणाचे, गुरुजी?"

फोन ठेवला. माझ्याच विद्यार्थ्याने माझी लाज काढली होती.

तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. आवाज रडवेला. "गुरुजी, या बरं दुकानात. लई वांदा झालाय. आसारामचा एका बाजूचा कल्लाच उडवला मी. काल एक जण अर्ध्यातून उठून पाथर्डीच्या सलूनात गेला. तुमी बडबडायचे अन् माझा हात चालायचा. आता नुसती कात्री ऐकू येती. मग कर्जाचा हप्ता आठवतो, आजार आठवतो, अन् हात भलतीकडं जातो. असंच चाललं तर आठ दिवसांत शटर कायमचं खाली."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, आनंदाने मी चप्पल उलटी घातली.

असा मी रोज दहाची अपॉइंटमेंट घेऊ लागलो. तिसऱ्या खुर्चीत, गळ्याला कापड, तोंडाला मास्क. पहिल्या खुर्चीत खरं गिऱ्हाईक. मी बोलायचो, वैजनाथ कापायचा. कल्ले सरळ यायला लागले. पाथर्डीला गेलेला परत आला, सोबत मेव्हणाही आणला.

घोटाळा वहीने केला. वैजनाथ प्रामाणिक माणूस. त्याने रोज नेमाने लिहिलं: दत्तोपंत, हेअर कट.

सातव्या दिवशी कोरोना समितीचे अध्यक्ष काकासाहेब तपासणीला आले. त्यांनी वही चाळली. मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. पुन्हा वही.

"गुरुजी, सात दिवस झाले. रोज काय कापता?"

"टप्प्याटप्प्याने कापतोय," मी म्हणालो. "सरकारच सांगतंय, सगळं एकदम नको."

ते हसले नाहीत. खिशातून सीलचा कागद काढला. वैजनाथचा चेहरा पांढराफटक पडला आणि माझी मस्ती जागेवर उतरली. मी कापड सोडून उठलो. "चूक माझी आहे. मी जातो, पुन्हा येणार नाही. दुकान सील करू नका."

"गुरुजी, बसा," वैजनाथ म्हणाला. इतका कडक तो कधी बोलला नव्हता. "काकासाहेब, गुरुजी गेले तर माझा हात चालत न्हाई. मग तुमी सील करा न्हाईतर नका करू, मला एकच हाय."

काकासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. बायकोने, मनकर्णाबाईंनी, घरीच कापलेले केस पायऱ्यापायऱ्यांनी वर चढले होते.

"उद्या कलेक्टरसायबांची व्हिडिओवर मीटिंग हाय," ते ओशाळून म्हणाले. कागद घडी करून खिशात गेला. ते पहिल्या खुर्चीत बसले. "वहीत माझं नाव लिही. अन् गुरुजी, तुमी बोला."

वैजनाथने कात्री उचलली. मी तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना. या गावात माझ्या बोलण्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे मला सत्तराव्या वर्षी कळत होतं. डोळे भरून आले. दुकानात नुसती कात्री वाजत होती.

"गुरुजी, बोला की लवकर," वैजनाथ घाबऱ्या आवाजात म्हणाला. "सायबांचा कान हाय कात्रीत."