धाकटी सांगत होती

धाकटीला पाण्याचं वेड लावलं ते थोरलीनेच. वडील गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि सात वर्षांची पोर दिवसभर घर डोक्यावर घ्यायची. चौदा वर्षांच्या थोरलीने मग तिला रस्त्याच्या टोकाला असलेल्या पोहण्याच्या तलावावर नेऊन घातलं. पहिल्याच दिवशी पोर पाण्यात उतरली ती बाहेर यायला तयार होईना. ओठ निळे पडले, दात वाजायला लागले, तरी "ताई, अजून एकदाच!" चालूच. तिथे शिकवणारे सर हसून म्हणाले, "ही तुझी बहीण कसली, मासोळी आहे. हिला माझ्यावर सोपव."

थोरलीने सोपवली.

पाच वर्षांत घरातल्या एका भिंतीवर खिळा मारायला जागा उरली नाही, इतकी पदकं झाली. सर तिला बाकीची मुलं गेल्यावर वेगळं शिकवायचे. आता पोहण्याच्या जोरावर चांगल्या शाळेत जागा मिळेल, पोरीचं आयुष्य मार्गी लागेल, असं थोरली येईल-जाईल त्याला सांगायची.

बारा वर्षांची असताना एके दिवशी धाकटी दारात येऊन उभी राहिली. थोरली आईला कुशीवर वळवून तिच्या पाठीला पावडर लावत होती.

"ताई, मला सरांकडे नाही जायचं."

"का? ओरडले?"

"नाही."

"मग?"

धाकटी नखाने भिंतीचा रंग खरवडत राहिली. "सगळे गेले की ते मला थांबवतात. ते चांगले नाहीत, ताई."

थोरलीने पावडरचा डबा खाली ठेवला. म्हणजे अर्धं तिला तेव्हाच कळलं होतं. पण ती एकोणीस वर्षांची होती, सकाळपासून तिने पाठ टेकलेली नव्हती, आणि उरलेलं अर्धं कळून घेण्याचं बळ तिच्यात नव्हतं. "नखरे पुरे झाले," ती म्हणाली. धाकटीचं मनगट धरून ती स्वतः तिला तलावावर घेऊन गेली. फाटकात सर उभेच होते. धाकटीने हिसका दिला नाही की रडली नाही. नुसता हात ढिला सोडला.

पुढे दोन वर्षं ती जात राहिली, पण थोरलीला पुन्हा काही सांगितलं नाही. चौदाव्या वर्षी एका स्पर्धेत शिट्टी वाजली, बाकीच्या मुलींनी उड्या घेतल्या आणि ही काठावर तशीच उभी. लोक ओरडले, सर ओरडले. मग शांतपणे मागे फिरली, कपडे बदलले आणि घरी आली. त्यानंतर तिने पाण्यात पाय घातला नाही. थोरलीने कारण विचारलं नाही. त्याच वर्षी सर दुसऱ्या गावी मोठ्या तलावावर गेले, तेव्हा थोरलीला सुटल्यासारखं झालं. का झालं, हेही तिने स्वतःला विचारलं नाही.

धाकटी मोठी झाली ती अशीच, कडेकडेने. अंघोळ चार तांब्यांत उरकायची, तीही दाराची कडी न लावता. केस स्वतःच कापायची, कानाच्या वर. लग्न झालं ते आठ महिने टिकलं. नवरा तिला परत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मी वाईट माणूस नाही हो. पण हात लावला की ती दगड होते. असं किती दिवस काढायचे माणसाने?" धाकटी एका शिंप्याकडे कामाला लागली. जुने कपडे उसवून मापात बसवायचं काम. शिंपी कौतुकाने म्हणायचा, "हिने उसवलेलं कापडालासुद्धा कळत नाही." दुकानाच्या वरच्या खोलीत ती एकटी राहायची आणि दर रविवारी थोरलीकडे जेवायला यायची.

तोवर थोरली चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्यात तरबेज झाली होती. नवरा साधा, गमत्या होता, आणि अकरा वर्षांची लेक होती. लेक मावशीचा जीव की प्राण.

त्या रविवारी जेवताना नवरा म्हणाला, "मेहुणीबाई, माझी विजार जरा सैल करून द्या. कपडे हल्ली आटायला लागलेत."

"कपडे नाही आटत, भावजी," धाकटी म्हणाली, आणि लेक खदखदून हसली. हसता हसताच सांगायला लागली, "मावशी, शाळेतून आम्हाला पोहायला नेतात ना, तिथे नवे सर आलेत. म्हणजे खूप जुनेच आहेत, लंगडतात. मला म्हणाले, तू मासोळी आहेस."

धाकटीचा घास हातातच राहिला. ती उठून आत गेली. थोरली तिच्या मागोमाग गेली.

"तुला माहीत होतं तो परत आलाय?"

"हो. दोन आठवडे झाले."

"आणि तू तिला पाठवतेस."

"अगं, म्हातारा झालाय तो आता. गुडघा गेलाय त्याचा."

"तो तेव्हा म्हातारा नव्हता, ताई. आणि मी बारा वर्षांची होते."

चोवीस वर्षांत दोघींमध्ये एवढं स्पष्ट बोलणं पहिल्यांदा झालं. थोरलीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्यापासून नाही पाठवत. झालं?"

पण सोमवारी लेकीने रडून गोंधळ घातला. पुढच्या आठवड्यात स्पर्धा होती. नवऱ्याने विचारलं, "पण का नाही पाठवायचं, ते तरी सांग." एवढी स्पर्धा होऊ दे, मग बघू, असं म्हणून थोरलीने पोरीची पिशवी भरून दिली.

तलावाचा रस्ता शिंप्याच्या दुकानावरून जायचा. मंगळवारी धाकटीने खिडकीतून भाचीला शाळेच्या रांगेत पिशवी हलवत जाताना पाहिलं.

ती हातातलं काम टाकून तलावाच्या व्यवस्थापकाकडे गेली. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, पुढच्या महिन्यात त्यांचा सत्कार आहे. इतक्या जुन्या गोष्टी उकरून कोणाचं भलं होणार?" तिथून ती पोलीस चौकीत गेली. तिथल्या हवालदाराने लिहिता लिहिता पेन थांबवून विचारलं, "चोवीस वर्षं कुठे होतात?" बुधवारी ती पुन्हा गेली, तेव्हा साहेब बाहेर गेलेले होते. संध्याकाळी ती थोरलीच्या दुकानासमोर येऊन उभी राहिल्याचं थोरलीने काचेतून पाहिलं होतं. गिऱ्हाईक होतं. ते आटोपून बाहेर येईपर्यंत धाकटी निघून गेली होती.

गुरुवारी सकाळी साडेदहाला शाळेची मुलं नव्हती. तलाव रिकामा होता. गुडघ्यासाठी सर रोज त्या वेळी छातीइतक्या पाण्यात कठडा धरून चालायचे. पुढचं सगळं थोरलीने फाटकावरच्या वॉचमनच्या तोंडून कोर्टात ऐकलं. बाई आल्या, म्हणाला, अंगावर कामाचे कपडे, गळ्यात माप घ्यायची टेप. सरांना भेटायचंय म्हणाल्या. चपला नीट कडेला काढून ठेवल्या आणि कपड्यांनिशी पायऱ्या उतरल्या. सरांनी ओळखलं असावं, कारण ते "अगं, किती वर्षांनी!" असं म्हणालेले ऐकू आले. मग वॉचमन फाटकाकडे वळला. परत आला तेव्हा बाई कमरेइतक्या पाण्यात पायरीवर बसल्या होत्या. सरांना काखेत धरून त्यांनी त्यांचं तोंड पाण्याबाहेर ठेवलं होतं, पण सर गेलेले होते. "पोलिसांना बोलवा," बाई म्हणाल्या. "मी इथेच आहे."

त्या संध्याकाळी थोरलीने लेकीला जवळ घेतलं आणि जे आधी विचारायचं होतं ते विचारलं. सरांनी तुला कधी काही केलं?

"नाही," लेक म्हणाली. तिला पुरतं काही कळलेलं नव्हतं. "फक्त शुक्रवारी सगळे गेल्यावर थांब म्हणाले होते. वेगळं शिकवणार होते."

शुक्रवार दुसऱ्याच दिवशी होता. थोरली मोरीत जाऊन नळ सोडून बसली.

साक्ष देऊ नकोस, असं नवरा म्हणाला. वाईट हेतूने नव्हे. पोरीचं नाव लोकांच्या तोंडी होईल, एवढीच त्याला भीती. थोरली तरी उभी राहिली. सरकारी वकिलाने विचारलं, "तुमच्या बहिणीने लहानपणी हे कोणाला सांगितल्याचा काही पुरावा आहे?"

"मी आहे," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं. मी तिचं मनगट धरून तिला परत नेऊन सोडलं."

पिंजऱ्यातल्या धाकटीने मान वर केली नाही.

सरांची बायको रोज यायची, शेवटच्या बाकावर बसायची. वाळलेली, नीटनेटकी म्हातारी. त्या दिवशी तिने थोरलीला व्हरांड्यात गाठलं. शिव्या देईल म्हणून थोरली अंग चोरून उभी राहिली.

"तुम्हाला खरंच माहीत होतं?" म्हातारीने विचारलं.

"अर्धं."

म्हातारी बराच वेळ पदराचं टोक चाचपत राहिली. "मलाही," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून जिना उतरली.

थोरलीच्या साक्षीनंतर आणखी तीन बायका पुढे आल्या. त्यातली एक तर नातवंडं असलेली. न्यायाधीशांनी सगळ्यांचं ऐकलं, झालं ते फार वाईट झालं असंही म्हणाले, पण माणूस मारला होता, ठरवून मारला होता. धाकटीला जन्मठेपेची शिक्षा झाली.

थोरली दर महिन्याला भेटायला जाते. मध्ये जाळी असते. सुरुवातीला धाकटी नुसती बसून राहायची, मग थोडं थोडं बोलायला लागली. तुरुंगात शिवणाचं काम मिळालं, शेजारची बाई घोरते, असं काहीबाही. आणि एकदा, काही न विचारता, म्हणाली, "मला वाटलं होतं मोकळं वाटेल."

थोरलीने जाळीत बोटं अडकवली.

"शेवटी त्याने माझाच हात धरला, ताई. बुडणारा माणूस धरतो तसा. मी त्याला खाली दाबत होते आणि तो मलाच धरून होता. ती पकड जात नाही गं हातावरून. आता आधीचंही आहे आणि हेही."

"मला माफ कर," थोरली म्हणाली. जाळीवर डोकं टेकून म्हणाली.

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मायाही नव्हती. "ते नको मागूस," ती म्हणाली. "मला जमेलसं वाटत नाही. पण येत जा."

बाहेर लेक थांबली होती. तिला आत सोडत नाहीत, तरी ती हट्टाने बरोबर येते. आता ती तेरा वर्षांची आहे. बसच्या थांब्याकडे चालताना तिने नेहमीसारखं विचारलं, "मावशी काय म्हणाली?" आणि थोरलीने नेहमीसारखं सगळं सांगितलं, काही न गाळता, अगदी माफीचंसुद्धा.

लेक काही पावलं पुढे गेली. मग म्हणाली, "आई, त्या शुक्रवारी मी थांबले असते, आणि येऊन तुला सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. थोरली रस्त्यातच थांबली. मागून येणाऱ्या माणसाने चडफडत वळसा घातला.

"तेव्हाचं मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

लेकीने मान हलवली. समोरून बस येत होती. दोघी भराभर चालायला लागल्या.