पंख्याचा रेग्युलेटर आणि माझी सुई

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. घरगुती नव्हे, कारखान्यातली, जाड चामडं शिवणारी. माझ्या अंगाला अजून तळणाचा वास येतो, म्हणून ऐकताना तुम्ही नाक मुरडलंत तरी मी राग मानणार नाही.

बारा वर्षं मी बुटांच्या कारखान्यात राबले. मिनिटाला दोन हजार टाके घालायचे! लोक तोंड भरून कौतुक करायचे. मग नव्या मशिनी आल्या आणि मी अडगळीत पडले. तिथून अक्कांनी मला घरी आणलं. अक्का त्याच कारखान्यात चामडं कापायच्या, पण शिवायची त्यांना सवय नव्हती.

अक्कांच्या लेकीच्या पायाला लोखंडी आधार आहे. तो चामड्याच्या पट्ट्याने बांधावा लागतो. घर तिसऱ्या मजल्यावर. पट्टा तुटला की पोरीची शाळा बंद. बाजारचे पट्टे महिन्यात उसवायचे, म्हणून अक्का स्वतःच शिवायला बसल्या. पण पॅडलला पाय नुसता टेकला की मी सुसाट! दुसऱ्याच दिवशी माझी सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्कांचा धाकटा भाऊ पंखे दुरुस्त करतो. कुठल्याही दुखण्यावर त्याला रेग्युलेटरच सुचतो.

"अक्का, एवढंच ना? पंखा हळू होतो, मग ही का नाही होणार?"

त्याने माझ्या मोटरला पंख्याचा रेग्युलेटर जोडला. वर कढईत उरलेलं तळणाचं तेल माझ्यात ओतलं. म्हणे, तेल ते तेल! शी! आठवडाभरात ते चिकट झालं आणि माझ्या पोटात झुरळं फिरू लागली. अजून शिसारी येते.

मी हळू झाले खरी, पण अंगातलं बळच गेलं. चामड्याचे दोन पदर आले की सुई मध्येच अडकायची आणि मोटर नुसती गुरगुरायची. भाऊ हाताने चाक फिरवून मला पुढे रेटायचा. पट्टा वरून छान दिसला, पण खालचा दोरा लोंबतच होता. दुसऱ्या दिवशी जिन्यातच तो उसवला आणि पोरगी कोसळली. गुडघा फुटला.

"आई, मला नाही जायचं आता शाळेत," ती रडत म्हणाली.

तो पट्टा मी शिवला होता. मला माझीच किळस आली.

अक्कांनी रेग्युलेटर उपटून फेकला आणि समोर लेथवर यंत्रांचे भाग घडवणाऱ्या काकांना बोलावलं. काकांनी जमिनीवरचा रेग्युलेटर पाहिला, माझं झाकण उघडलं आणि नाकाला रुमाल लावला.

"अहो, मोटरचा गळा कशाला दाबलात? तिला पळू द्या. मध्ये चाकं घाला."

त्यांनी मला रॉकेलने धुतलं. मध्ये एक मोठं चाक बसवलं आणि मोटरचं छोटं चाक पट्ट्याने त्याला जोडलं. त्या मोठ्या चाकाच्याच दांड्यावर आणखी एक छोटं चाक बसवलं आणि तिथून दुसरा पट्टा माझ्या चाकापर्यंत आणला. मोटर पूर्वीसारखीच पळते, पण माझ्यापर्यंत येताना वेग उतरतो आणि जोर वाढतो.

अक्कांनी पॅडल दाबलं. टक्... टक्... टक्. चामड्याचे चार पदर, एकही टाका चुकला नाही!

नवा पट्टा बांधून पोरगी जिना उतरली. एकेक पायरी, हळू, पण भक्कम. खाली तिचा मामा उभा होता.

"बघ, मी म्हटलंच होतं, मशीन हळू करायला हवी!"

"मामा, हळू तू केलीस," ती म्हणाली, "पण कामाची काकांनी केली." आणि रस्ता ओलांडून शाळेत गेली.

मित्रांनो, यंत्र हळू करायचं असेल तर जरूर करा, पण त्याचं बळ काढून घेऊ नका. आणि तळणाचं तेल कढईतच राहू द्या. शी!