डॉक्टरांपुढचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी स्टूल आहे, आणि आज माझी कहाणी मी जरा तोंड वाकडे करूनच सांगणार आहे. रागावू नका. म्हाताऱ्या माणसांसारखी म्हाताऱ्या वस्तूंनाही कधीकधी एखाद्या गोष्टीची शिसारी येते. ती पोटात ठेवावी, तर मला पोटही नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. चार पाय, पायांना बांधून ठेवणारे एक कडे, मधोमध जाड आट्यांचा दांडा आणि त्यावर गोल बैठक. बैठक एका बाजूला फिरवली की मी उंच होते, दुसऱ्या बाजूला फिरवली की ठेंगणे. रंग वाळल्यावर त्या वेल्डरने मला गिऱ्हाइकाच्या हाती तसेच दिले नाही. आधी तो स्वतः माझ्यावर बसला, चांगला गच्च बसला, आणि एक गिरकी घेतली. तो म्हणायचा, जिथे आपण बसायला घाबरतो तिथे दुसऱ्याला बसवू नये. त्याचा गुळगुळीत झालेला जुना हातोडा आणि हे वाक्य, एवढीच काय ती माझी शाळा.

मला विकत घेतले एका डॉक्टरीणबाईंनी. त्यांच्या दवाखान्यात मला टेबलाच्या कोपऱ्याशी, त्यांच्या अगदी गुडघ्याजवळ जागा मिळाली. पेशंट आत आला की बाई आधी त्याच्याकडे बघत, मग मला फिरवत. उंच माणूस आला की मला वर चढवत, पाय अधू असलेला आला तरी वरच चढवत, कारण उंच जागेवरून उठायला सोपे जाते. तुमच्याएवढी मुले आली की मला अगदी वरपर्यंत नेत, म्हणजे मुलाचे तोंड त्यांच्या तोंडासमोर यायचे. "आधी गिरकी घे, मग जीभ दाखव," असे त्या म्हणत. सुईच्या भीतीने भोकाड पसरणारी मुलेसुद्धा माझ्यावर बसायला भांडत. एका मुलीने तर घरी जाताना मला सोबत न्यायचे म्हणून माझा पाय धरून ठेवला होता. इतके कौतुक पुढे मला कधी लाभले नाही.

मग बाई थकल्या आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचा मुलगा बसू लागला. त्यांना सगळे धाकटे डॉक्टर म्हणत. त्यांनी आल्या आल्या मला दांडा टेकेपर्यंत खाली फिरवले आणि खालची चाकी, म्हणजे नट, घट्ट आवळून टाकली. बाहेर नंबर लावणाऱ्या बाईंनी कारण विचारले. त्यावर ते हसत म्हणाले, की माणूस बुटक्या जागेवर अवघडून बसला की फार बोलत नाही, गुडघे दुखले की आपोआप उठतो.

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा किळस आली. लोखंडाला गंज चढतो तो पाण्याने, असे तुम्ही शाळेत शिकला असाल. थोडा गंज बोलण्यानेही चढतो.

धाकट्या डॉक्टरांची रीत सांगते. दार वाजले की त्यांचे पेन चालू होई. पेशंट माझ्यापर्यंत पोहोचेतो अर्धा कागद लिहून झालेला असे आणि तो बसेतो औषधे लिहून झालेली असत. मान खाली, उजवा हात कागदावर, डावा हात घंटीवर. सही आणि घंटी एकाच वेळी. मधून वेळ मिळालाच तर पेनाच्या टोपणाने कान कोरायचे आणि तेच टोपण दातात धरायचे. मला डोळे नाहीत म्हणून बरे, असे मी म्हणणार होते, पण न बघताही ज्याला कळायचे त्याला कळतेच. कोण घाबरून काठावर टेकला आहे, कोण थकून सगळे वजन टाकून बसला आहे, ते मला बैठकीवरूनच समजते.

एक गोष्ट मात्र खरी सांगितली पाहिजे. हे डॉक्टर अडाणी नव्हते. लबाडही नव्हते. सारे शिकून आले होते, सारे त्यांना येत होते. ते फक्त बघत नव्हते. आणि माझ्या मते सगळ्यात ओंगळ गोष्ट तीच.

आमच्या रस्त्याच्या टोकाला इस्त्रीचे दुकान आहे. ते चालवणाऱ्या काकूंना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला आणि धाकट्या डॉक्टरांनी त्यांना रोज घ्यायची एक गोळी लिहून दिली. काही आठवड्यांनी काकू परत आल्या. माझ्यावर टेकल्या आणि सांगू लागल्या, की गोळी सुरू झाल्यापासून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. खाली वाकून कपड्यांचे गाठोडे उचलायचे आणि उभे राहायचे, हे त्यांचे दिवसभराचे काम. आणि उभे राहिले की समोर तापलेली इस्त्री.

"वय झालं की होतंच असं. सवय होईल हळूहळू," डॉक्टर कागदाला म्हणाले.

घंटी वाजली. काकू उठल्या आणि मला त्यांच्या बोटांची पकड जाणवली. उठता उठता त्या तोल जाऊन परत माझ्यावर आल्या, क्षणभर थांबल्या, मग भिंतीच्या आधाराने गेल्या. डॉक्टर तेव्हा पुढच्याचा कागद लिहीत होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर हे झाले, मित्रांनो. नुसती मान वर केली असती तरी पुरले असते.

ही तक्रार घेऊन दुसऱ्यांदा आल्या तेव्हा काकूंनी तेच सांगितले, फक्त आवाज खाली गेला होता. डॉक्टरांनी "चक्कर" एवढा एकच शब्द उचलला. चक्कर म्हणजे रक्तदाब वाढला असणार, असे म्हणून त्यांनी जुन्या गोळीला आणखी एक गोळी जोडून दिली. मोजायचे यंत्र टेबलावरच होते, पण त्याच्यावर वर्तमानपत्र होते आणि वर्तमानपत्रावर डॉक्टरांचा चहा.

पुढचे मला नंतर काकूंच्या नणंदेच्या तोंडून कळले. नवी गोळी घेतल्यावर अंधारी वाढली. शेवटी काकू औषधाच्या दुकानात गेल्या आणि एखादी सौम्य गोळी मिळेल का म्हणून विचारले. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, की डॉक्टरांच्या कागदावर जे आहे तेच मला देता येते, आणि मनाने बंद तर मुळीच करू नका, त्याने भलतेच होईल, त्यांनाच परत सांगा. तो बरोबरच बोलला. औषध मनाने घेऊ नये तसे मनाने सोडूही नये, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. पण ज्याला सांगायचे त्याने कानात टोपण घातले असेल तर माणसाने करावे काय?

दोनच दिवसांनी काकू गाठोडे उचलून उभ्या राहिल्या, अंधारी आली आणि आधारासाठी टाकलेला हात इस्त्रीवर पडला.

तिसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत कापडाची पट्टी होती आणि सोबत नणंद होती. ही नणंद वयाने मोठी, अंगाने किडकिडीत आणि तोंडाने तिखट. आत शिरल्या शिरल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, सांभाळून बस ग. हे स्टूल आहे की पाट?"

"वन्सं, हळू बोला," काकू म्हणाल्या.

काकूंनी हात पुढे केला आणि सगळे पुन्हा सांगितले. अंधारी, गाठोडे, इस्त्री. डॉक्टरांनी भाजल्याचे मलम लिहिले. मग चक्करेची म्हणून एक तिसरी गोळी लिहिली. आधीच्या दोन तशाच ठेवल्या. सही केली. घंटी वाजवली.

काकू उठल्या नाहीत.

डॉक्टरांनी परत घंटी वाजवली. दार उघडून पुढचा पेशंट आत आला, एक जाडजूड गृहस्थ, खोकत. काकू तरीही बसूनच. त्यांचे सगळे वजन माझ्यावर होते आणि ते जरासुद्धा हलत नव्हते. आयुष्यात इतक्या माणसांना मी पेलले, पण इतके ठाम बसलेले माणूस मला आठवत नाही.

"झालं तुमचं," डॉक्टर म्हणाले. "बाहेर रांग आहे."

"माझं झालं नाही डॉक्टर," काकू म्हणाल्या. "बसले की मी बरी असते. उठले की पडते. तुम्ही मला उठल्यावर बघा. तुम्ही बघेपर्यंत मी उठत नाही. आज हात भाजलाय. उद्या गिऱ्हाइकाचं पोर जवळ उभं असताना इस्त्री हातातून सुटली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला असावा, कारण नणंद म्हणाली, "लाल होऊ नका, प्रेशर वाढेल."

डॉक्टर म्हणाले, की विश्वास नसेल तर दुसरीकडे जा. मग त्या खोकणाऱ्या गृहस्थांकडे वळून त्यांनी बसण्याची खूण केली. बसणार कुठे? जागा एकच, आणि ती मी होते. गृहस्थ दाराला टेकून उभे राहिले. "बसू दे त्यांना," ते म्हणाले. "मला काय, घरी जाऊनही खोकायचंच आहे."

आता डॉक्टरांपुढे दुसरा मार्ग राहिला नाही. त्यांनी चहा उचलला, वर्तमानपत्र उचलले, यंत्र पुढे ओढले. काकूंच्या चांगल्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. आकडा बरा आला. डॉक्टरांनी "बघा" म्हणण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात काकू नणंदेचा हात धरून सावकाश उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी पुन्हा मोजले. आकडा धाडकन खाली घसरला होता. काकू डोलल्या. नणंदेने त्यांना मिठीत घेतले, आणि त्या माझ्यावर परत बसल्या तेव्हा त्यांचे अंग घामाने थंड झालेले मला कळले.

उभ्याने रक्तदाब एवढा उतरत असेल तर औषध जास्त होते आहे का, ते आधी पाहायचे असते. हे धाकट्या डॉक्टरांना माहीत नव्हते थोडेच! त्यांनी लगेच, कुठलेही पुस्तक न उघडता, तिसरी गोळी खोडली, दुसरीही खोडली आणि पहिलीचा डोस कमी केला. काही दिवसांनी येऊन पुन्हा उभ्याने मोजून घ्यायला सांगितले. हे सगळे करायला त्यांना एक कप चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. किळस वाटते ती त्याचीच. हे जर अवघड असते तर मी त्यांना माफ केले असते.

कागद पुढे सरकवताना डॉक्टर म्हणाले, "हे असं आधी सांगायचं ना, काकू."

ते गृहस्थ खोकायचेसुद्धा थांबले.

"सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही लिहीत होता."

त्यांनी कागदाची घडी घातली, नणंदेचा हात धरला आणि हळूहळू उठून गेल्या. क्षमेचा शब्द तर नाहीच, डॉक्टरांनी साधे "सांभाळून जा" असेही म्हटले नाही. ते गृहस्थ पुढे येऊन माझ्यावर बसत होते, आणि त्यांचा कागद लिहायला सुरुवात झालेली होती.

काकू आता बऱ्या आहेत. दुकान चालू आहे. उठताना त्या दम घेऊन उठतात, आणि इस्त्री आधी बाजूला सरकवतात. पण कोपराजवळचा तो काळा डाग कोणत्याही मलमाने जाणारा नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी डॉक्टर व्हाल, कोणी शिक्षक, कोणी साहेब. तुमच्याही समोर माणसे येऊन बसतील आणि अडखळत, लाजत, चुकीच्या शब्दांत आपले दुखणे सांगतील. तेव्हा हातातले पेन खाली ठेवा. आणि तुम्हीच कधी अशा स्टुलावर बसलात, आणि समोरचा मान वर करीत नसला, तर घंटी वाजली म्हणून उठू नका. माझ्यासारखे लोखंड तुमचे वजन खुशाल पेलेल. तुम्ही बसून राहा, आणि पुन्हा सांगा.